रियासतकारांची मोजपट्टी

परप्रांतात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींचा गणेशोत्सव असो, कोजागरीचे दूध असो वा कोणाच्या घरची सत्यनारायणाची पूजा असो, फराळ आटोपून मंडळी व्हरांड्यात खुर्च्या ओढून बसली की संभाषण थोड्याच वेळात एका ठराविक वळणावर येते. आपल्याबरोबर रुजू झालेला अमका आता कोठे आहे, तमक्याला बढती कशी मिळाली, मागाहून आलेला कोण पुढे गेला, ह्याची उजळणी सुरू होते. सेवाज्येष्ठतेच्या यादीतील आपला क्रमांक ज्याला तोंडपाठ नाही असा अधिकारी विरळा. त्या यादीत आपल्या वर कोण आहे हे आपण जितक्या नेमकेपणाने सांगू शकतो, तितक्या नेमकेपणाने गेल्या पाच वर्षांत आपल्या स्वतःच्या कामात काय सुधारले हे आपल्याला सांगता येत नाही. मी हे इतरांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. त्या व्हरांड्यातील एक खुर्ची माझीही असते.

अशा एखाद्या संध्याकाळनंतर घरी परतताना मला पुष्कळदा एका जुन्या सरकारी नोकराची आठवण होते. त्याने छत्तीस वर्षे परमुलखात, एका संस्थानिकाच्या पदरी नोकरी केली. ती करता करता त्याने जे काम उभे केले त्यामुळे त्याचे मूळ आडनाव मागे पडले आणि महाराष्ट्र त्याला त्याच्या ग्रंथाच्या नावानेच ओळखू लागला. हे गृहस्थ म्हणजे रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई. त्यांच्या विद्वत्तेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे त्यांच्याकडे एका निराळ्याच प्रश्नासाठी पाहावयाचे आहे. आपल्याहून तेजस्वी माणसांच्या सहवासात सारे आयुष्य काढूनही ह्या मनुष्याने आपले माप कशाने घेतले?

सरदेसायांचा जन्म १७ मे १८६५ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गोविल ह्या खेड्यात झाला. १८८८ साली ते बी. ए. झाले आणि पुढल्याच वर्षाच्या आरंभी बडोद्यास श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांचे वाचक म्हणून रुजू झाले. महाराजांना ग्रंथ वाचून दाखविणे, त्यांची टिपणे काढणे, राजपुत्रांना शिकविणे, सफरींत महाराजांबरोबर असणे, असे ह्या नोकरीचे स्वरूप होते. ह्या जागेला दरबारी मान असला तरी स्वतःचा अधिकार फारसा नव्हता.

त्या काळचे बडोदे हे गुणी माणसांचे गाव होते. सयाजीराव महाराजांनी हिंदुस्थानच्या कानाकोपऱ्यांतून माणसे वेचून आणली होती. १८९३ ते १९०६ ह्या काळात अरविंद घोष तेथे होते. सनदी सेवेत नाव काढलेले आणि हिंदुस्थानच्या आर्थिक इतिहासावर ग्रंथ लिहिणारे रमेशचंद्र दत्त १९०४ साली बडोद्याचे महसूलमंत्री म्हणून आले आणि १९०९ साली दिवाणपदावर असतानाच बडोद्यास वारले. कोणी बाहेरून येऊन एकदम उच्चपदी बसत होते, कोणी तेथून निघून देशभर गाजत होते. सरदेसाई मात्र राजवाड्यातील आपल्या ठिकाणी होते. पदाच्या यादीवर नजर ठेवून जगावयाचे ठरविले असते तर खंत करण्यास त्यांना कारणे कमी नव्हती.

त्यांच्या इतिहासलेखनाचा उगम ह्या नोकरीतच आहे, ही गोष्ट आपल्यासारख्यांनी विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. महाराजांसाठी त्यांनी मॅकियाव्हेली आणि सीली ह्यांचे ग्रंथ मराठीत आणले. राजपुत्रांना हिंदुस्थानचा इतिहास शिकवावयाचा तर मराठीत नीटसा ग्रंथ हाताशी नव्हता, म्हणून वाचनाची टिपणे जमवून ते स्वतःच लिहू लागले. त्यातून १८९८ साली ‘मुसलमानी रियासत’ प्रसिद्ध झाली. १९०२ पासून ‘मराठी रियासत’ निघू लागली आणि तिचे भाग १९३२ पर्यंत, म्हणजे तीस वर्षे निघत राहिले. इंग्रजांच्या अमलावरील ‘ब्रिटिश रियासत’ निराळीच. कोणा विद्यापीठाने हे काम त्यांना नेमून दिले नव्हते. दिवसाची चाकरी सांभाळून पहाटेच्या व रात्रीच्या वेळात करावयाचे ते काम होते.

ज्या १८९८ साली सरदेसायांचा पहिला इतिहासग्रंथ निघाला, त्याच साली विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ह्यांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. राजवाडे सरदेसायांपेक्षा दोनच वर्षांनी मोठे होते. वाईस हाती लागलेले पानिपतच्या काळातील अस्सल कागद ह्या खंडात होते, आणि त्याला जोडलेल्या विस्तृत प्रस्तावनेने मराठ्यांचा इतिहास कसा लिहावा ह्याची रीतच बदलून टाकली. अस्सल कागद सापडेपर्यंत इतिहास लिहू नये, आधी साधने जमवावीत, अशा मताचा जोर त्यानंतर महाराष्ट्रात वाढला. पायी हिंडून, अर्धपोटी राहून, खेडोपाडी वाड्यांच्या माळ्यांवरून दप्तरे खाली काढणारा हा पुरुष बुद्धीने आणि त्यागाने असामान्य होता. त्याच्या शेजारी उभे राहिल्यावर बडोद्याच्या राजवाड्यात बसून उपलब्ध ग्रंथांच्या आधारे रियासत लिहिणारा मनुष्य सहजच लहान दिसावा.

तुलना करणाऱ्या मनाला अशा वेळी दोन वाटा सुचतात. एक म्हणजे लेखणी खाली ठेवणे. राजवाड्यांसारखे आपल्याला साधणार नाही, तर मग लिहावयाचे तरी कशाला, असे म्हणून स्वस्थ बसणे. दुसरी म्हणजे राजवाड्यांतील उणीव शोधीत बसणे, आणि ती शोधणे कठीण नव्हते. त्यांचा स्वभाव अतिशय तापट होता आणि ज्या संस्थांना त्यांनी जन्म दिला त्यांत ते फार काळ रमले नाहीत. सरदेसायांनी ह्यांपैकी कोणतीच वाट धरली नाही. राजवाड्यांचे खंड निघत गेले, मिरजेस वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांच्या दप्तरातून लेखसंग्रह काढीत राहिले, साताऱ्यास पारसनीस कागद व चित्रे जमवीत राहिले, आणि ह्या सर्वांनी जे प्रसिद्ध केले ते सरदेसाई आपल्या रियासतीत ओवीत गेले. आपण खाणीत उतरणारे नसून निघालेल्या धातूचे भांडे घडविणारे आहोत, हे त्यांनी ओळखले होते. सुसंगत, सलग, सामान्य वाचकाला समजेल असा संपूर्ण इतिहास मराठीत असावा हे त्यांचे काम. ते राजवाड्यांच्या कामाहून थोर की लहान ह्याचा निवाडा त्यांनी दुसऱ्यांवर सोपविला.

पण येथे एक सावधगिरी घेतली पाहिजे. इतरांशी तुलना करू नये, आपली प्रगती आपणच पाहावी, हे सूत्र आळशी माणसाला फार सोयीचे असते. ज्याला कोणी काही म्हणू नये असे वाटते तो हे सूत्र ढालीसारखे पुढे करतो. सरदेसायांवरही टीका झाली. साधनांची पुरेशी छाननी होण्याआधीच ते लिहितात, त्यांचे ग्रंथ संकलनात्मक आहेत, असे आक्षेप जाणत्यांनी घेतले आणि त्यांत तथ्यही होते. त्यांना सरदेसायांनी जे उत्तर दिले ते त्यांच्या ग्रंथांच्या पुढील आवृत्त्यांत पाहावे लागते. नवा कागद निघाला की जुने विधान बदलावयाचे, प्रकरण पुन्हा लिहावयाचे, हा क्रम त्यांनी शेवटपर्यंत चालविला. पेशवे दप्तराचे काम उरकल्यावर त्यांनी आपली रियासत पुन्हा हाती घेतली. ‘शककर्ता शिवाजी’, ‘उग्रप्रकृति संभाजी’, ‘स्थिरबुद्धि राजाराम’, ‘पुण्यश्लोक शाहू’ अशा नावांनी तिचे जे सुधारलेले भाग मराठी घरांत पोहोचले, ते ह्या पुनर्लेखनाचे फळ आहे. जो ग्रंथ लिहून माणसाला लौकिक मिळाला तोच ग्रंथ सत्तरीच्या वयात अपुरा मानून पुन्हा लिहिण्यास बसणे किती कठीण असते, हे एखादा जुना अहवाल पुन्हा लिहिण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला असेल त्यालाच कळेल.

ह्यातून मला एक भेद स्पष्ट दिसतो. तुलना हा तर इतिहासकाराचा धंदाच आहे. दोन पत्रे शेजारी ठेवून तारखा जुळविणे, बखरीतील मजकूर अस्सल कागदाशी ताडून पाहणे ह्यावाचून इतिहास होत नाही. त्या तुलनेला आपण पडताळा म्हणतो. पडताळ्यात काम कामाशेजारी ठेवले जाते आणि चूक कोठे आहे ते कळते. व्हरांड्यात बसून आपण जी करतो ती बरोबरी. तिच्यात माणूस माणसाशेजारी ठेवला जातो, आणि त्यातून वैषम्य किंवा समाधान ह्यांपलीकडे काही हाती लागत नाही. सरदेसायांनी पडताळा कधी सोडला नाही. बरोबरीच्या मात्र ते वाटेस गेले नाहीत.

ह्याचा सर्वांत सुंदर पुरावा म्हणजे यदुनाथ सरकारांशी असलेला त्यांचा स्नेह. यदुनाथ हे सरदेसायांहून पाच वर्षांनी लहान. पाटणा, कटक येथे त्यांनी अध्यापन केले. औरंगजेबावरील त्यांचा पाच खंडांचा इतिहास १९१२ ते १९२४ ह्या काळात प्रसिद्ध झाला, १९२६ ते १९२८ पर्यंत ते कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि १९२९ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. पदवी, पद, इंग्रजी जगातील कीर्ती ह्या कोणत्याही मोजपट्टीने मोजले तरी ते सरदेसायांच्या पुढे होते, आणि शिवाजी महाराजांवर ग्रंथ लिहून ते सरदेसायांच्या क्षेत्रातही उतरले होते. मत्सराला ह्याहून सुपीक जमीन कोणती?

१९०४ च्या सुमारास ह्या दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि १९५८ साली यदुनाथ वारले तेव्हाच तो थांबला. फारसी साधनांच्या बाबतीत सरदेसाई यदुनाथांकडे पाहत, मराठी आणि मोडी साधनांच्या बाबतीत यदुनाथ सरदेसायांकडे. यदुनाथांचे मराठ्यांविषयीचे काही निष्कर्ष महाराष्ट्रात अनेकांना रुचले नाहीत. सरदेसायांनाही ते सगळे मान्य नव्हते. मराठ्यांच्या राज्यामागील प्रेरणेविषयी त्यांचे मत निराळे होते आणि १९२६ साली पाटणा विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी ते मांडलेही. यदुनाथांच्या कर्मभूमीतच एका मराठी माणसाने मराठ्यांची बाजू सांगितली आणि त्यामुळे मैत्रीला तडा गेला नाही. पुढे माळव्यातील सीतामऊचे महाराजकुमार रघुवीरसिंह ह्यांची तिसरी जोड ह्या स्नेहाला मिळाली. बंगाली, मराठी आणि राजपूत अशा तीन अभ्यासकांत कोण मोठा ह्याचा हिशेब निदान त्यांच्यात तरी झाला नाही. एकाच्या ज्ञानात जेथे खळगा होता तेथे दुसऱ्याचे ज्ञान उपयोगी पडत होते.

१९२५ साली सरदेसाई साठाव्या वर्षी निवृत्त झाले. निवृत्तीच्याच सुमारास त्यांच्यावर मोठा आघात झाला. त्यांचा मुलगा श्यामकांत, ज्याला त्यांनी रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात शिकविले होते आणि जो पुढील शिक्षणासाठी जर्मनीस गेला होता, तो तेथेच वारला. त्याची पत्रे पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. अशा वेळी हाती घेतलेले काम संपले असे कोणी म्हटले असते तर त्याला दोष देता आला नसता. सरदेसाई पुण्यामुंबईच्या दरम्यान कामशेत येथे इंद्रायणीच्या काठी घर करून राहिले आणि पुन्हा लिहू लागले.

त्यानंतर त्यांच्या आयुष्यातील कसोटीचा प्रसंग आला. पेशव्यांचे दप्तर १८१८ नंतर इंग्रजांच्या ताब्यात गेले होते. इनामांचे हक्क तपासण्यासाठी सरकारने ते वापरले, परंतु संशोधकांना ते जवळजवळ बंदच होते. ज्या पुण्यात राजवाड्यांनी १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले, त्याच पुण्यात मोडी कागदांचे हजारो रुमाल कुलपात पडून होते. राजवाडे १९२६ च्या अखेरीस निवर्तले. त्यानंतर तीन वर्षांच्या आतच मुंबई सरकारने ते दप्तर तपासून निवडक कागद छापण्याचे ठरविले आणि ते काम सरदेसायांकडे आले. ह्या निवडीमागे यदुनाथांचा पाठिंबा होता. पुण्यातील काही संशोधकांना ती रुचली नाही. आयुष्य झिजवून मोडी कागद वाचलेली माणसे पुण्यात असताना बडोद्याच्या निवृत्त नोकराची नेमणूक व्हावी, ह्याचे त्यांना वाईट वाटले, आणि त्यांची बाजू समजण्याजोगी आहे. दैवाचा हिशेब नेहमी न्यायाचा असतो असे नाही. जे दार राजवाड्यांसाठी उघडावयास हवे होते ते त्यांच्या मागाहून उघडले.

सरदेसाई तेव्हा चौसष्ट वर्षांचे होते. आपली निवड योग्य होती की अयोग्य ह्याविषयी वृत्तपत्रांत वाद घालीत बसण्यात त्यांची दोन वर्षे सहज गेली असती. त्यांनी हाताखालची माणसे घेऊन रुमाल सोडावयास आरंभ केला. कागद वाचणे, त्याचा काळ ठरविणे, व्यक्ती आणि प्रकरण पाहून तो योग्य जागी लावणे, नक्कल करणे, सार लिहिणे, मुद्रिते तपासणे असा तो क्रम होता. १९३४ पर्यंत ‘पेशवे दप्तरातून निवडलेले कागद’ ह्या मालेचे ४५ खंड छापून झाले. त्यांच्या निवडीत व संपादनात पुढील अभ्यासकांनी उणिवा दाखविल्या आहेत, परंतु त्या दाखवितानाही हे खंड समोर घ्यावे लागतात. जुन्या वादातील लेख आता फारसे कोणी वाचत नाही. पंचेचाळीस खंड मात्र मराठ्यांच्या इतिहासाचा विद्यार्थी आजही उघडतो.

पुढे यदुनाथांबरोबर त्यांनी पुण्याच्या इंग्रज रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार संपादित केला. महादजी शिंदे आणि उत्तरेकडील राजकारणाचा खंड यदुनाथांनी केला, तर मॅलेटच्या वकिलातीचा खंड सरदेसायांनी. ह्या साऱ्या नव्या सामग्रीचा अभ्यास झाल्यावर आपली मराठी रियासत इंग्रजीत उतरवून ते थांबू शकले असते. तसे न करता त्यांनी मराठ्यांचा इतिहास पुन्हा आरंभापासून इंग्रजीत लिहिला. त्याचा पहिला खंड १९४६ साली निघाला तेव्हा ते एक्क्याऐंशी वर्षांचे होते, आणि तिसरा खंड १९४८ साली निघाला तेव्हा त्र्याऐंशी. ग्रंथाच्या नावातील ‘नवा’ हा शब्द मला अर्थपूर्ण वाटतो. ह्या नव्या इतिहासाला जुना असा जो इतिहास होता, त्यातला मोठा भाग त्यांचा स्वतःचाच होता.

१९५७ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्याआधी एक वर्ष त्यांचे ‘माझी संसारयात्रा’ हे आत्मचरित्र निघाले होते. २९ नोव्हेंबर १९५९ रोजी, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी कामशेत येथे त्यांचे देहावसान झाले.

राजवाड्यांची प्रतिभा सरदेसायांना शेवटपर्यंत लाभली नाही, यदुनाथांची शिस्तही पूर्णपणे लाभली नाही. ह्या दोघांशी बरोबरी करावयाची म्हटली तर निर्णय त्यांच्या विरुद्ध जाईल असे मला वाटते, आणि ते त्यांच्याविषयीच्या आदराला बाधक नाही. १८९८ चा सरदेसाई आणि १९४८ चा सरदेसाई शेजारी ठेवले की मात्र मनुष्य स्वतःहून किती पुढे जाऊ शकतो ते दिसते. छापील ग्रंथांची टिपणे काढणारा तरुण वाचक पन्नास वर्षांत हजारो अस्सल कागदांतून वाट काढून आपलेच जुने निर्णय तपासणारा इतिहासकार झाला. ह्या पन्नास वर्षांत एखादे वर्ष असे असेल की ज्यात आदल्या वर्षापेक्षा फारसे पुढे जाणे झाले नसेल. पण दरसाल हिशेब मांडला जात होता आणि तो त्यांच्या ग्रंथांच्या आवृत्त्यांत उघडपणे छापला जात होता.

आपल्यापैकी बहुतेकांच्या हातून रियासत लिहून होणार नाही आणि तशी अपेक्षाही कोणी करीत नाही. पण परप्रांतात राहणाऱ्या नोकराला एक सवड असते, जी गावात राहणाऱ्याला क्वचितच मिळते. येथे आपले कुळ, आपले शेजारी, आपल्या वडिलांचा लौकिक फारसा कोणाला ठाऊक नसतो. सरदेसायांनी बडोद्याच्या त्या सवडीचा उपयोग केला. ज्या प्रांतात आपण आहोत तेथील भाषा गेल्या वर्षीपेक्षा आज अधिक येते काय, हाताखालच्या माणसाला आपण काही शिकविले काय, पूर्वी घाईने दिलेला एखादा निर्णय पुन्हा तपासून दुरुस्त करण्याचे धैर्य दाखविले काय, हे प्रश्न सेवाज्येष्ठतेच्या यादीत नसतात. त्यांची उत्तरे आपल्यावाचून दुसऱ्या कोणाला देताही येत नाहीत.

पुढल्या कोजागरीस व्हरांड्यात पुन्हा तोच विषय निघेल, आणि मीही त्यात थोडा वेळ रमेन हे मला ठाऊक आहे. परंतु घरी परतल्यावर टेबलावर पडलेली स्वतःची जुनी वही उघडून पाहण्याचा विचार आहे. तिच्यात काय दुरुस्त करावयाचे ते मलाच पाहिले पाहिजे.